रांचेरातला ‘मी’

मेक्सिकोतील रांचेरा या लोकप्रिय गीतप्रकारातील एखादे गीत मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकाची पहिली अडचण प्रतिमांची नसते, छंदाचीही नसते. ती क्रियापदाची असते. ‘मी रडतो’ आणि ‘मी रडते’ या दोहोंसाठी स्पॅनिश भाषेत रूप एकच आहे. मराठीत बोलणारा पुरुष की स्त्री, हे पहिल्याच क्रियापदाशी ठरवावे लागते. भविष्यकाळाचा आडोसा घ्यावा (‘मी जाईन’), किंवा ‘मला रडू येते’ अशी वळणाची रचना करावी, तर तेवढ्यापुरते निभावते. पण सबंध गीत अशा आडवाटेने नेता येत नाही. स्पॅनिशमध्येही लिंग आहेच, पण प्रथमपुरुषात ते क्रियापदाऐवजी विशेषणांत उमटते. एकटा की एकटी, थकलेला की थकलेली, हे तेथे सांगावे लागते. मात्र तसे विशेषण येईपर्यंत गाणारा ‘मी’ उघडा पडत नाही. तो लपू शकतो, आणि गायक बदलला की एका प्रत्ययाच्या फरकाने तोही बदलू शकतो.

व्याकरणाच्या या सवलतीकडे आम्ही लक्ष वेधतो आहोत, याला कारण आहे. विसाव्या शतकातील मेक्सिकन लोकप्रिय गीताचा इतिहास बहुधा ताऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: रुंद काठाच्या टोप्या, घोडे, तेकिला, आणि तरुणपणी मेलेले नायक. आमच्या मते तो एका सर्वनामाचा इतिहास म्हणूनही वाचता येतो. शतकाच्या आरंभी हे गीत ‘तो’विषयी बोलत होते. मध्यावर ते ‘मी’ म्हणू लागले, आणि तो ‘मी’ पुरुषाचा आहे असे सर्वांनी गृहीत धरले. त्यानंतर काही गायिकांनी, आणि एका पुरुष गायकानेही, या गृहीतकाचे काय केले, हा या निबंधाचा विषय आहे.

‘तो’ची गीते म्हणजे कोर्रिदो. पोवाड्याशी परिचित असलेल्या वाचकाला कोर्रिदो ओळखायला वेळ लागणार नाही. घटना अमुक साली, अमुक गावी घडली असे आरंभी सांगायचे, नायकाचे शौर्य आणि अंत कथन करायचा, आणि शेवटी श्रोत्यांचा निरोप घ्यायचा, असा त्याचा सांगाडा आहे. एक फरक मात्र महत्त्वाचा. पोवाड्यात शाहीर शेवटी आपले नाव गुंफतो. कोर्रिदोचा कर्ता बहुतेक वेळा अनामच राहतो. मेक्सिको सिटीत आंतोनिओ वानेगास आर्रोयो या प्रकाशकाच्या छापखान्यातून अशी गीते स्वस्त रंगीत कागदांवर छापून निघत आणि बाजारात, जत्रेत विकली जात. त्यांवरची चित्रे होसे ग्वादालुपे पोसादा या थोर चित्रकाराने कोरलेली असत. १९१० साली क्रांती सुरू झाली आणि पुढची दहा वर्षे लढाया, विश्वासघात, फाशी या साऱ्यांच्या बातम्या निरक्षर जनतेपर्यंत पोचवण्यात कोर्रिदोचा वाटा मोठा होता. गाणारा येथे केवळ निवेदक असे. त्याला काय वाटते, हे कोणी विचारीत नसे.

येथे एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण व्याकरण माणसाच्या जिवावर कसे उठते याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. १२ जून १९०१ रोजी टेक्ससमधील एका शेरीफने ग्रेगोरिओ कोर्तेस या मेक्सिकन शेतकऱ्याला दुभाष्यामार्फत विचारले की, तू घोडा बदलून घेतलास काय? कोर्तेसने नाही म्हटले. ते खरेच होते. त्याने बदलून घेतली होती ती घोडी. स्पॅनिशमध्ये दोहोंना स्वतंत्र शब्द आहेत आणि घोडेवाल्या माणसाच्या बोलण्यात त्यांची गल्लत होत नाही. दुभाष्याला मात्र हा भेद पेलला नाही. उत्तर खोटे मानले गेले, बाचाबाची वाढली, शेरीफच्या गोळीने कोर्तेसचा भाऊ पडला आणि कोर्तेसच्या गोळीने शेरीफ. पुढे दहा दिवस तो पाठलाग चुकवीत पळत राहिला. त्याच्यावर रचलेल्या कोर्रिदोचा अभ्यास आमेरिको पारेदेस यांनी १९५८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि लोकगीत व इतिहास यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्यांना तो ग्रंथ आजही टाळता येत नाही.

क्रांती संपली, फौजा घरी परतल्या, आणि खेड्यांतली माणसे मेक्सिको सिटीकडे लोटू लागली. १८ सप्टेंबर १९३० रोजी एमिलिओ आस्कार्रागा यांनी एक्स-ई-डब्ल्यू हे आकाशवाणी केंद्र सुरू केले. पुढची दोन-तीन दशके मेक्सिकोत कोणी गावे आणि काय गावे, हे बऱ्याच अंशी या केंद्राच्या स्टुडिओत ठरत असे. मारियाची हा मुळात हालिस्को आणि आसपासच्या पश्चिम प्रांतांतील खेडुतांचा तंतुवाद्यांचा ताफा. आकाशवाणी आणि चित्रपट यांच्या काळात त्यात ट्रम्पेट आला, अंगावर चार्रोचा, म्हणजे घोडेस्वार जमीनदाराचा, चांदीच्या बटनांचा पोशाख चढला. ज्याला आपण मेक्सिकोचे ‘पारंपरिक’ संगीत म्हणून ओळखतो, त्याचे हे रूप शहरात आणि माइकसमोर घडले आहे.

१९३६ साली फेर्नान्दो दे फुएन्तेस यांचा ‘आया एन एल रांचो ग्रान्दे’ (तिकडे त्या मोठ्या रांचावर) हा चित्रपट आला. प्रेमळ मालक, इमानी कारभारी, एका मुलीवरून गैरसमज, आणि गाणी. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास मोठमोठ्या हासिएंदा मोडून त्यांची जमीन कसणाऱ्यांना वाटत होते. १९३४ ते १९४० या त्यांच्या कारकिर्दीत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली गेली. म्हणजे प्रत्यक्षात जो वाडा पाडला जात होता, तोच पडद्यावर चुना लावून उभा केला जात होता. त्याच वर्षी याच दिग्दर्शकाने क्रांतीचे कठोर, भ्रमनिरासाचे चित्रण करणारा पांचो व्हियावरील चित्रपटही केला. पैसा मात्र ‘रांचो ग्रान्दे’ने मिळवला आणि पुढच्या शेकडो चित्रपटांचा साचा त्यानेच घालून दिला. हेच रांचेरा गीताचे माहेर: गाव सोडून आलेल्यांनी शहरात बसून ऐकलेले, कधीच तसे नसलेल्या गावाचे गाणे.

या साच्यात पुरुष कसा असावा, तर होर्खे नेग्रेतेसारखा: लष्करी शिक्षण, संगीतिकेसाठी तयार केलेला आवाज, ताठ मान. १९४१ सालच्या त्याच्या गाजलेल्या चित्रपटाच्या शीर्षकातच हालिस्को प्रांताला ‘माघार घेऊ नकोस’ असे बजावलेले आहे. त्यातल्या क्रियापदाचा मूळ अर्थ तडा जाणे, चिरफळणे. हा शब्द लक्षात ठेवावा. त्याकडे परत यायचे आहे.

याच चित्रपटाचे शीर्षकगीत लुचा रेयेसच्या आवाजातही गाजले. १९०६ साली ग्वादालाहारात जन्मलेली ही गायिका लहानपणी तंबूच्या फडांत गात असे. तिचा आवाज मुळात उंच, सोप्रानो जातीचा. १९२७ च्या सुमारास युरोपच्या दौऱ्यात तिचा गळा बिघडला. परत आल्यावर जो आवाज उरला तो खरखरीत, खालच्या पट्टीतला, मध्येच फाटणारा. दुसरी कोणी असती तर गाणे संपले असते. रेयेसने त्या फाटण्यालाच गायकीचे स्थान दिले: हुंदका, किंकाळी, हसणे, दारूच्या अमलाखालचे अडखळणे. स्त्रियांच्या रांचेरा गायनाची ‘ब्राव्हिओ’, म्हणजे रांगडी, आक्रमक शैली तिच्यापासून मोजतात. पुरुष नायक अखंड राहण्याची शपथ घेत असताना त्याच गीतप्रकाराची पहिली मोठी गायिका तडा गेलेल्या आवाजाने गात होती, हा योगायोग असेल. पण फार बोलका आहे. १९४४ साली, ३८ व्या वर्षी, झोपेच्या औषधांच्या अतिसेवनाने तिचा अंत झाला.

१९५० साली दोन गोष्टी घडल्या. ओक्ताव्हिओ पास यांचा ‘एकांताचा चक्रव्यूह’ हा निबंधग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि होसे आल्फ्रेदो हिमेनेस या चोवीस वर्षांच्या तरुणाचे ‘यो’ हे गीत ध्वनिमुद्रित होऊन सर्वतोमुखी झाले. ‘यो’ म्हणजे ‘मी’.

पास यांचा त्या ग्रंथातील मेक्सिकन मुखवट्यांवरील निबंध आपल्याकडेही पुष्कळांनी वाचला असेल. मेक्सिकन पुरुषाचा आदर्श म्हणजे बंद असणे, असे ते म्हणतात. जो आपले मन उघडतो तो ‘तडकला’, त्याने माघार घेतली. आणि त्यासाठी पास तेच क्रियापद वापरतात, जे नेग्रेतेच्या चित्रपटाच्या शीर्षकात आहे. स्त्रीची हीनता त्या समजुतीनुसार तिच्या ‘उघडे’ असण्यात आहे. विवेचन भेदक आहे. पण त्याच वर्षी, त्याच शहरातल्या प्रत्येक दारूच्या गुत्त्यात काय गायले जात होते, हे त्यात ऐकू येत नाही. तेथे पुरुष उघडपणे, गळा काढून, लोकांसमक्ष सांगत होते की ती मला सोडून गेली आणि मी मोडलो आहे.

हिमेनेस यांचा जन्म १९ जानेवारी १९२६ चा, ग्वानाह्वातो प्रांतातील दोलोरेस इदाल्गो या गावचा. १८१० साली स्वातंत्र्याची हाक याच गावच्या चर्चमधून दिली गेली होती. वडिलांचे औषधांचे दुकान होते. ते लवकर वारले आणि कुटुंब राजधानीत आले. मुलाने ‘ला सिरेना’ नावाच्या उपाहारगृहात वेटरचे काम केले, फुटबॉल संघात गोलरक्षक म्हणून उभा राहिला. त्याला एकही वाद्य वाजवता येत नव्हते, स्वरलिपी येत नव्हती. चाल तो तोंडाने म्हणून दाखवी, आणि मारियाची व्हार्गास ताफ्याचे रुबेन फुएन्तेस यांच्यासारखे जाणकार ती कागदावर उतरवून वाद्यमेळ बांधीत. पेद्रो इन्फान्ते, नेग्रेते यांच्यापासून पुढच्या प्रत्येक पिढीतील गायकांनी त्याची गीते गायली. तो स्वतःही गाई, साध्या, न कमावलेल्या आवाजात.

त्याच्या शब्दकळेविषयी साहित्याच्या अध्यापकांनी एकदा गंभीरपणे बोलायला हवे. तीत अलंकार जवळजवळ नाहीत. रोजच्या बोलण्यातली वाक्ये आहेत. पण ती अशा जागी तोडलेली आहेत की पुढचे वाक्य श्रोत्यानेच उच्चारावे. पुढच्या काळातील ‘एल रेय’ (राजा) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत वरवर फुशारकीचे वाटते, आणि राष्ट्रीय सणांना छाती फुगवून ते गायलेही जाते. पण या राजापाशी सिंहासन नाही, राणी नाही, कोणी त्याचे ऐकत नाही. तो आपले राज्य शब्दांनीच उभारतो आहे आणि हे त्याला कळते आहे. ज्याला मेक्सिकन मर्दानगीचे राष्ट्रगीत समजतात ते पराभूताचे आत्मकथन आहे. कार्लोस मोन्सिवाईस या निबंधकाराने १९७७ सालच्या आपल्या ‘आमोर पेर्दिदो’ या संग्रहात हिमेनेसला स्थान दिले, तेव्हा या गीतांना वाङ्मयीन चर्चेत प्रवेश मिळाला. कवी तोवर, २३ नोव्हेंबर १९७३ रोजी, यकृताच्या विकाराने ४७ व्या वर्षी मरण पावला होता. गावी त्याच्या समाधीवर काँक्रीटचा प्रचंड सोम्ब्रेरो आणि मोझाइकची लांबच लांब घोंगडी आहे. दर्शनीयतेच्या मानाने जरा जास्तच. पण तो ‘मी’ही असाच थोडा जास्त होता.

हा ‘मी’ स्त्री गाऊ लागली की काय होते? सर्वसाधारण रीत सोपी होती. लोला बेल्त्रान, आमालिया मेन्दोसा या थोर गायिका पुरुषांनी लिहिलेली गीते गाताना प्रत्यय फिरवीत: ‘ती’चा ‘तो’, ‘एकटा’ची ‘एकटी’. गीत शिष्टसंमत राही. आणि कित्येक गीतांत तर फिरवण्यासारखे काही नसेच. कोन्सुएलो वेलास्केस या पियानोवादक संगीतरचनाकार स्त्रीचे ‘बेसामे मूचो’ घ्या. १९४० च्या सुमारास लिहिलेले हे गीत जगभर पोचले. १ जानेवारी १९६२ रोजी बीटल्सनी डेक्का कंपनीपुढे दिलेल्या चाचणीतही ते होते. त्यात बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, आणि जिच्याशी बोलणे चालू आहे ती कोण, हे सांगणारे एकही रूप नाही. आज्ञार्थ आहे, रात्र आहे, विरहाचे भय आहे. कोणीही कोणालाही म्हणावे असे ते आहे, आणि त्याच्या जगभर फिरण्यात या व्याकरणाचा वाटा नसेल असे आम्हांला वाटत नाही.

चावेला व्हार्गासने प्रत्यय फिरवले नाहीत. १७ एप्रिल १९१९ रोजी कोस्टा रिकात जन्मलेली ही मुलगी किशोरवयातच मेक्सिकोत आली, रस्त्यांवर गायली, आणि पुढे विजार व तांबडा होरोंगो घालून, सिगार ओढीत मंचावर उभी राहिली. पुरुषाने स्त्रीला उद्देशून लिहिलेले गीत ती जसेच्या तसे गाई. ‘ती’ ही ‘ती’च राही. एक शब्दही न बदलता गीताचा अर्थ बदलण्याचे असे उदाहरण विरळा. न बदलणे हीच येथे कृती होती.

याहून कमी बोलली जाणारी दुसरी गोष्ट: तिने मारियाची वगळली. ट्रम्पेट नाही, व्हायोलिनचा ताफा नाही. एक-दोन गिटार, आणि लय इतकी संथ की हिमेनेसचे वाक्य मध्येच थांबून राही. ताफा असतो तेव्हा गाणाऱ्याचे दुःख उत्सवात मिसळते, गुत्त्यातली सगळी मंडळी त्यात भागीदार होतात. ताफा काढून घेतला की उरतो तो एकटा माणूस, किंवा एकटी. हिमेनेस तिचा मित्र आणि पिण्यातला सोबती. त्याच्या गीतांतला पराभव तिच्याइतका कोणी उघडा केला नाही, असे आमचे मत आहे.

मराठी वाचकाला येथे लावणी आठवेल. रामजोशी, होनाजी बाळा यांनी स्त्रीच्या तोंडी घातलेला ‘मी’ पुरुषाने रचलेला आहे, आणि त्या ‘मी’ची भाषा कोणाची, यावर आपल्याकडे बरीच चर्चा झालेली आहे. व्हार्गासची दिशा उलटी. पुरुषाने पुरुषासाठी रचलेला ‘मी’ तिने उचलला आणि तो आपला आहे असे न सांगता सांगितले.

त्याची किंमतही होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दारूने तिला मंचावरून खाली ओढले. एक तपाहून अधिक काळ ती दिसेनाशी झाली; ती वारली असावी असाच अनेकांचा समज झाला. १९९१ साली कोयोआकानमधील ‘एल आबितो’ या लहानशा नाट्यगृहवजा बारमध्ये ती पुन्हा गायली, तेव्हा सत्तरी उलटून गेली होती. पुढे स्पेन, आल्मोदोव्हारचे चित्रपट, आणि २००३ साली न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल. आपल्याकडच्या चित्रपटप्रेमींना ती ‘फ्रीडा’ (२००२) मधील ‘ला योरोना’मुळे माहीत असेल. आपण समलिंगी आहोत हे तिने जाहीरपणे सांगितले ते २००० साली, ८१ व्या वर्षी. गाणी ते चाळीस वर्षे सांगत होती. ५ ऑगस्ट २०१२ रोजी ती कुएर्नाव्हाकात निवर्तली.

राहिला तो पुरुष गायक. हुआन गाब्रिएल, मूळ नाव आल्बेर्तो आगिलेरा व्हालादेस, जन्म १९५०. आई मोलकरीण, बालपण सिउदाद हुआरेसच्या अनाथालयात, तरुणपणी चोरीच्या खोट्या आरोपावरून सुमारे दीड वर्ष लेकुंबेर्री तुरुंगात. १९७१ साली ज्या गीताने तो वर आला त्याचे शीर्षकच ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ असे आहे. चकचकीत टिकल्यांचे कपडे, कंबर हलवीत केलेले नृत्य, आणि सोबत पूर्ण मारियाची: व्हार्गासने ताफा वगळला, याने ताफ्यासमोर मुरडून दाखवले. दोन्ही वाटा चार्रोच्या ताठ मानेपासून दूर जाणाऱ्या. २००२ साली मुलाखतकाराने त्याला थेट प्रश्न विचारला, तेव्हा जे दिसते ते विचारायचे नसते, असे उत्तर देऊन त्याने तो परतवला.

मे १९९० मध्ये मेक्सिको सिटीच्या पालासिओ दे बेयास आर्तेस या राष्ट्रीय कलागृहात, राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंदासह त्याचे कार्यक्रम झाले. अभिजनांनी गहजब केला. ज्या संगमरवरी सभागृहात संगीतिका व्हायच्या, तेथे हा टिकल्यांचा माणूस? पण त्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे घरोघर पोचली आणि वाद मागे पडला. अगदीच संपला मात्र नाही. २८ ऑगस्ट २०१६ रोजी गाब्रिएल वारला, तेव्हा राष्ट्रीय विद्यापीठाच्या दूरचित्रवाहिनीच्या संचालकांनी त्याच्या टिकल्यांना आणि वाक्यरचनेला नाक मुरडणारा स्तंभ लिहिला आणि त्यावरून उठलेल्या वादळात त्यांना पद सोडावे लागले. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींनी या प्रसंगाकडे दुरून पाहून हसू नये. ‘वाक्यरचना’ हे आपलेही आवडते हत्यार आहे.

सप्टेंबरच्या आरंभी त्याचा अस्थिकलश त्याच बेयास आर्तेसमध्ये ठेवला गेला आणि दर्शनासाठी लोकांच्या रांगा रात्रभर हलत राहिल्या. अशा वेळी मेक्सिकोत हमखास गायले जाते ते त्याचेच ‘आमोर एतेर्नो’ (चिरंतन प्रेम). आई वारल्यानंतर तिच्यासाठी लिहिलेले म्हणून ते ओळखले जाते. गाजले ते आधी रोसिओ दुर्काल या स्पॅनिश गायिकेच्या आवाजात, १९८४ साली. मेक्सिकोत आणि सीमेपलीकडे अमेरिकेतही अंत्यविधीला ते गातात, आणि ‘तू’ म्हणजे आई, प्रियकर की मूल, हे कोणी विचारीत नाही. त्यात निजलेले आणि जागे अशा अर्थाची दोन विशेषणे आहेत. दुर्काल ती स्त्रीलिंगी म्हणे, गाब्रिएल पुल्लिंगी. जमाव गातो तेव्हा त्या दोन शब्दांच्या शेवटी ‘ओ’ आणि ‘आ’ एकदमच ऐकू येतात, आणि लगेच पुढची ओळ सुरू होते.